म्हाताऱ्याची दहा गाणी

गाडी घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक म्हातारा फुकट मिळाला. म्हणजे त्याची सीडी. मस्कतजवळच्या रुसैलमधल्या कुठल्याशा कारखान्यातला गोरा इंजिनियर आपल्या देशात परत चालला होता, त्याची गाडी आमच्या ह्यांनी घेतली. किल्ली देताना त्याने सांगितलं म्हणे, की प्लेअरमध्ये एक सीडी अडकलीय, ती काही केल्या बाहेर येत नाही, पण वाजते छान. हे म्हणाले, नो प्रॉब्लेम. आमचे हे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. आम्ही राहतो त्या इब्रा गावात त्यांच्या अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं गॅरेज आहे, तिथे रोज लोकांच्या गाड्यांची आतडी बाहेर काढत बसतात. मला वाटलं, घरी आणली की दोन मिनिटांत काढतील. कसलं काय. लोकांची कामं वेळेवर आणि घरचं काम इन्शाल्ला.

तर गाडी सुरू केली की म्हातारा सुरू. रेडिओ लागत नाही, दुसरं काही लागत नाही. दहा गाणी, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. मस्कतला किराणा भरायला जा, मत्रहच्या बाजारात लग्नाचा आहेर घ्यायला जा, मुलीला ताप आला म्हणून दवाखान्यात न्या, हा आहेच सोबतीला. रिकामी डबी पुढच्या कप्प्यात पडलेली असायची. तिच्यावर त्याचं चित्र. डोक्याला काळी हॅट, गळ्यात गिटार, मागे लाकडी कुंपण, आणि तोंड असं की जणू ह्याचा बैल कोणी चोरून नेलाय. आतल्या कागदावर स्टुडिओतला फोटो होता, त्यात तो डोळे मिटून, एक हात कानावर ठेवून गातोय. हे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातलं संगीत, कंट्री म्हणतात त्याला, असं ह्यांनी मला समजावलं. मोठा गायक आहे, तिकडे लोक जीव टाकतात त्याच्यावर. म्हटलं, टाकोत बापडे, मला काय त्याचं.

मला तो आवाज अजिबात आवडत नसे. जाड, खर्जातला, जेवण झाल्यावर खुर्चीत बसून कुरकुरणाऱ्या सासऱ्यासारखा. त्यात ती मेली रडकी तार. स्टील गिटार म्हणतात तिला. एका सुरावरून दुसऱ्यावर अशी काही घसरत जायची की मी कानात बोटं घालायची. इंग्रजी मला दुकानापुरतं येतं, गाण्यातलं काही कळायचं नाही. म्हणून आम्ही घरच्या घरी त्या गाण्यांची बारशी केली होती. पहिलं आगगाडीचं, कारण त्यात ढोल तसा वाजतो. दुसरं दारुड्याचं. एक तुरुंगाचं. सातवं गाणं सुरू होण्याआधी म्हातारा खाकरतो, खुर्ची करकरते आणि मागे कोणीतरी हळूच हसतं. स्टुडिओवाल्यांनी ते कापून न टाकता तसंच ठेवलंय. मुलगी लहान असताना त्या खाकरण्याची वाट बघत बसायची आणि ते आलं की मागच्या सीटवरून तीही खाकरायची. मग हेही खाकरायचे. मी म्हणायचे, दोघांनाही वेड लागलंय, माझं नशीबच फुटकं.

मुलगी इथलीच. जन्म इथला, शाळा इथली. शाळेच्या आधी तिला इंग्रजी ह्या म्हाताऱ्यानेच शिकवलं म्हणा ना. पहिलीत तिच्या मल्याळी बाईंनी मला थांबवून विचारलं होतं, तुमच्या घरी कोणी अमेरिकन राहतं का, ही शब्द असे का लांबवते? मैत्रिणींशी ती इंग्रजीत बोलते, गल्लीतल्या पोरींशी अरबीत, आणि उरलंसुरलं मराठी माझ्या वाट्याला. पायाला मुंग्या आल्या की म्हणते, आई, माझा पाय झोपला. इब्रात बुधवारी फक्त बायकांचा बाजार भरतो, पुरुषांना तिथे पाय ठेवायची सोय नाही. तिथे मी तिला घेऊन जायची आणि माझ्यासाठी घासाघीस तीच करायची. तिथल्या म्हाताऱ्या बायका तिला बिन्ती, बिन्ती, म्हणजे माझी पोर, म्हणत जवळ ओढायच्या, हातात खजूर कोंबायच्या. मी आपली पिशवी धरून शेजारी उभी. मला इथे इतकी वर्षं झाली तरी कोणाच्या घरी जेवायला आलेय आणि ताट कधी उचलावं ते कळत नाहीये, असंच वाटत राहिलं.

माझं सगळं चित्त गुहागर तालुक्यात, आमच्या वाडीत. तिथे ह्यांनी घर बांधलंय. गल्फमध्ये असलेला प्रत्येक जण बांधतो. लोखंडी गेट, पुढे ओटा, आत चकचकीत लाद्या, आणि वर्षभर कुलूप. किल्ली शेजारी राहणाऱ्या जाऊबाईंकडे. त्या केर काढतात, दिवा लावतात आणि मला फोनवर सांगतात, तुझ्या घरात आज दिवा लावला हो. तुझ्या घरात म्हटलं की मी फोन कानाला आणखी घट्ट धरायची. गणपतीला कधी जाता आलं नाही, कारण तेव्हा शाळा. कोकणातल्या बाईला गणपतीत घरी जाता येत नाही म्हणजे काय, ते कोकणातल्या बाईलाच विचारा. व्हिडिओवर आरती बघायची आणि इथे मोदकाच्या उकडीत डोळे पुसायचे.

ह्या वर्षी बारावीची परीक्षा संपत आली होती, तेव्हा अर्बाबने ह्यांना आपल्या बैठकीत बोलावलं. कहवा पाजला, खजूर पुढे केला आणि सांगितलं, ह्या कामाचा व्हिसा आता बाहेरच्या माणसाला पुढे वाढवून मिळणार नाही, ही जागा इथल्याच मुलाला द्यायची असा कायदा झालाय. माझ्या हातात असतं तर तुला मरेपर्यंत सोडलं नसतं, म्हणाला. पण हातात नाही. हे घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, खलास, गणपतीच्या आत निघायचं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि देवापुढे साखर ठेवली. लपवायचं कशाला. मला इतका आनंद झाला होता की साखरेचा डबा तसाच उघडा राहिला.

त्या दिवसापासून मुलगी बोलायची थांबली. आधी वाटलं परीक्षेचं टेन्शन. परीक्षा संपली तरी तेच. विचारलं की मान हलवायची. ताट समोर ठेवलं की दोन घास चिवडायची आणि उठायची. गालाची हाडं दिसायला लागली. मी नजर काढली, मीठ-मोहरी ओवाळली. चिडून बोलले, गोंजारून बोलले, काही उपयोग नाही. संध्याकाळ झाली की गाडीची किल्ली घेऊन खाली जायची. गाडी इमारतीखालीच उभी असते. आत बसून एसी चालू करायची आणि म्हाताऱ्याला ऐकत बसायची. तेही सगळी गाणी नाहीत, सातवंच. ते संपलं की मागे नेऊन पुन्हा तेच.

माझ्या मनात नाही नाही ते यायचं. अठरा वर्षांची पोर, बोलत नाही, खात नाही, एकच रडकं गाणं ऐकते. बातम्या काय आपण ऐकत नाही? छताच्या पंख्याकडे माझ्याने बघवत नसे. रोज पहाटे तिच्या खोलीच्या दाराला कान लावून श्वास ऐकायची मी.

एका संध्याकाळी हे गाडीत तिच्या शेजारी जाऊन बसले, गाणं ऐकून वर आले आणि तोंडभर हसले. किती दिवसांनी हसताना बघत होते त्यांना. म्हणाले, "अगं, उगाच घाबरतेस. तिला घरची ओढ लागलीय. अख्खं गाणं होम, होम, गोइंग होम असंच आहे. म्हातारा घरी चाललाय. पोरीला सांगता येत नाही मराठीत, म्हणून गाणं लावून बसते."

आणि मला ते पटलं. पटायचंच होतं, मला तेच ऐकायचं होतं. मायलेकींचं मन एक, पोर माझ्यावर गेली, असं म्हणून मी त्या रात्री किती तरी दिवसांनी शांत झोपले.

मग ह्यांचं सुरू झालं. भावाला फोन करून गावच्या घरातली कोपऱ्यातली खोली तिच्यासाठी रंगवून घेतली. फिकट जांभळा, तिचा आवडता. टेबल, कपाट, खिडकीला जाळी. चिपळूणच्या कॉलेजची चौकशी केली. आणि एवढ्यावर न थांबता तिचं तिकीट पुढे ओढलं. आमच्या आधी दीड महिना. म्हणाले, तिला एवढी ओढ आहे तर इथे कशाला अडकवून ठेवायची, होऊ दे तिचं मन मोकळं. एका दुपारी जेवायला आले तेव्हा मोबाइलवर त्या खोलीचे फोटो तिच्यापुढे धरले आणि तिकिटाचं सांगितलं. त्यांना वाटलं ती गळ्यात पडेल. तिने फोटो बघितले, एकेक करून सगळे, अगदी नीट. थँक यू बाबा, म्हणाली. इतक्या दिवसांत तेवढंच बोलली. हे खूश होऊन गॅरेजला गेले.

मी भांडी विसळत होते. दार वाजलं तसं वाटलं, ह्यांचंच काहीतरी राहिलं असेल. थोड्या वेळाने ओट्यावर पाहिलं तर तिचा मोबाइल तिथेच आणि खिळ्यावर गाडीची किल्ली नाही. खिडकीतून खाली बघितलं. जूनमधली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि गाडी सुरू. एसीचं पाणी खाली ठिबकत होतं. आणि मला आठवलं, सकाळीच हे म्हणाले होते, गाडीत पेट्रोल भरायचंय, लाल दिवा लागलाय.

मी तशीच ओल्या हातांनी खाली धावले. ती पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली होती, मांडीवर हात. काचा बंद, दारं आतून लॉक. मी काच ठोकली. तिने बघितलं नाही. हाका मारल्या, शिव्या दिल्या, हात जोडले. सरळ समोर बघत होती, समोर नुसती भिंत. आतून ते गाणं येत होतं. त्या उन्हात पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. मी ह्यांना फोन केला, मला नीट बोलताही येईना. गाडी, पोरगी, या, एवढंच म्हणाले असेन.

हे अर्बाबची पिकअप घेऊन आले तोवर इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं होतं. एसी गेला. पण बॅटरी होती, म्हातारा गातच होता. तिच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि ती दार उघडत नव्हती. हाताच्या अंतरावर खटका, आणि उघडत नव्हती.

अख्ख्या इब्रात कोणाची किल्ली गाडीत राहिली की ह्यांना बोलावतात. एक पाचर आणि एक वाकडी तार, बस्स, चहा येईपर्यंत दार उघडलेलं असतं. त्या दिवशी तार दाराच्या फटीत जाईना. दोनदा हातातून खाली पडली. मी रस्त्यावरचा दगड उचलला. ते ओरडले, काच तिच्या डोळ्यांत जाईल, थांब. मी दगड धरून उभी राहिले. तिचे डोळे मिटायला लागले होते. मी गणपतीला म्हटलं, तुला काय हवं ते घे, मला गाव नको, घर नको, काही नको, पण हे दार उघड. त्या क्षणी खरंच नको होतं.

खट्ट झालं आणि दार उघडलं. आतून भट्टीचा झोत आला. ह्यांनी तिला अर्धी बाहेर ओढली, डोक्यावर पाणी ओतलं, तोंडाला बाटली लावली. पिकअपमधली ताडपत्री गाडीवर ओढून सावली केली आणि चारही दारं उघडून तिच्या शेजारी बसले. रागावले नाहीत. नुसतं तिचं मनगट धरून बसले होते, नाडी बघतात तसं. गाणं अजून चालूच होतं. शेवटी तेच म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं ना गं सगळं. तो घरी चाललाय म्हणून तूच ऐकत होतीस ना हे?"

तेव्हा ती बोलली.

"बाबा, तो घरी नाही चाललाय. तुम्ही नीट ऐकलंच नाही." तिला शब्द सापडत नव्हते, थांबत थांबत सांगत होती. "तो खूप वर्षांनी त्याच्या टाउनमध्ये परत येतो. जिथे तो बॉर्न झाला त्या घरासमोर. पण गेटवर दुसऱ्यांचं नाव आहे. त्याच्या रूममध्ये लाइट आहे, पण कोणी दुसराच मुलगा आहे आत. तो बाहेर उभा राहतो. मग कुत्रा भुंकतो. एक बाई येते, विचारते, कोण पाहिजे. आणि तो बोलतो, सॉरी, चुकून आलो."

"मग?" ह्यांनी विचारलं.

"मग काही नाही. गाणं संपतं." ती रडायला लागली. "मी पण परत येईन तर टूरिस्ट व्हिसावर येईन ना. तिथे, आपल्या खिडकीत, दुसऱ्यांचे कपडे असतील. आणि गावाला सगळे मला विचारतात, कधी आलीस, कधी जाणार. दरवेळी. कधी जाणार. आता मी काय सांगू त्यांना? बाबा, मी कुठली आहे?"

मला वाटलं हे आता समजूत घालतील. वडीलमाणसं घालतात तशी, हळूहळू सवय होईल, सगळं ठीक होईल. तर ह्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हुंदके द्यायला लागले. ह्यांचे वडील गेले तेव्हा विमान मिळालं नव्हतं, चितेला अग्नी दिलेला मोबाइलवर बघितला, तेव्हासुद्धा हा माणूस असा रडला नव्हता.

"मला तरी कुठे जायचंय," म्हणाले. "मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा आलो मी इथे. गावात मला कोण ओळखतं आता? गल्फवाला म्हणतात. इथे प्रत्येक गाडीचा आवाज मला कळतो. मला वाटलं, निदान तुला तरी जायचंय. म्हटलं पोर खूश होतेय ना, मग चला, तिच्यासाठी तरी जाऊ. त्याच एका गोष्टीवर मी उभा होतो गं."

तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोघं तशीच पुढच्या दोन सीटवर बसून रडत होती, बापलेक, एकाच गेलेल्या माणसासाठी रडावं तशी. मी दाराबाहेर रिकामी बाटली घेऊन उभी. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? की मला जायचंय, मला एकटीलाच जायचंय, इतकी वर्षं ह्या तापलेल्या डोंगरांकडे बघून माझे डोळे भाजून निघाले? मघाशी देवाला गाव नको म्हणून सांगितलं होतं. पोर हाती लागली आणि गाव पुन्हा हवंसं झालं, इतकी मी निलाजरी. पण वर चला, ऊन लागेल, एवढंच म्हटलं.

त्या रात्री ती जेवली. वरणभात, दोन वेळा मागून घेतला. तिचं आधीचं तिकीट ह्यांनी रद्द केलं. पण जाणं काही रद्द होत नाही. अर्बाब इन्शाल्ला, इन्शाल्ला म्हणत मस्कतच्या ऑफिसात जाऊन आला आणि परत आल्यावर ह्यांच्याकडे बघायचं टाळू लागला, तेव्हाच आम्ही काय ते समजलो. गणपतीच्या चार दिवस आधीचं विमान आहे, तिघांचं.

ती आता बोलते. पण बापाशी. संध्याकाळी दोघं गाडी घेऊन वाडीतून, म्हणजे इथल्या कोरड्या नदीतून, पार डोंगरापर्यंत जातात, म्हातारा लावून. कधी कधी मला बोलावतात, कधी कधी मी जाते. मी मागे बसले की त्यांचं बोलणं जरा थांबतं. ती मुद्दाम करत नाहीत ते. माझ्या मनात काय आहे ते त्यांना कळलंय, आणि त्यांना कळलंय हे मला कळलंय.

मी सामान बांधते ते ती दोघं बाहेर गेल्यावर. गावच्या घरासाठी बुधवारच्या बाजारातून पडदे घेतले, जाड, लाल काठाचे, ते कपाटात मागे कोंबून ठेवलेत. पावलं वाजली की बॅगेची चेन ओढून घेते. आपल्याच घरी जायचा आनंद मी आपल्याच माणसांपासून चोरून करते.

परवा जाऊबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ओटा सारवून... म्हणजे पुसून ठेवलाय हो, येताय ना सगळी? घर कसं भरून जाईल." मी हो म्हटलं. त्यांना काय सांगू, की इतकी वर्षं ज्या घराची मी वाट बघितली, तिथे मी नवरा आणि मुलगी नाही, दोन पाहुणे घेऊन येतेय. आणि ह्या पाहुण्यांना कधी जाणार म्हणून विचारू नका, त्यांना परत जायला घर नाही.